वाडीचा उपास

"याच्यानं कोनाचं काही बिघडन काय?" हे विचारल्याशिवाय आमचे मामा कशालाच हात लावत नसत. समोर चहा आला तरी कप हातात धरून आधी हा प्रश्न. खिडकीला जाळी बसवायची असो, नाहीतर शेजाऱ्याच्या लिंबाची फांदी छाटायची असो, तेच. समोरचा घाईघाईनं "काही नाही बिघडत" म्हणाला, तर त्यांचं समाधान होत नसे. "पाहून सांगतो का अंदाजानं?" असं ते पुन्हा विचारायचे. माझी आई त्यांची धाकटी बहीण. ती म्हणायची, दादानं मांडवात भटजीलाही हेच विचारलं असतं, म्हणून बरं झालं तो बिनलग्नाचा राहिला.

मामा निसर्गोपचारवाले. अकोल्याच्या जुन्या शहरात एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या पडवीत पेशंट आणि मागच्या अंगणात माती. तरुणपणी कुठल्याशा आश्रमात काही वर्षं राहून ते हे शिकून आले होते. गाव त्यांना मातीमामा म्हणायचं. पडवीच्या भिंतीला, अगदी रस्त्यावरून दिसेल असं, एनिमाचं भांडं खिळ्याला टांगलेलं असे आणि त्याची तांबडी रबरी नळी खाली लोंबत असे. माझी शाळेची वाट त्याच बोळातून. मैत्रिणी त्या भांड्याकडं पाहून ओढणीत तोंड खुपसून हसायच्या, आणि मी त्या घराशी आपला काही संबंधच नाही अशी मान ताठ करून चालायची. नेमके तेव्हाच मामा आतून ओरडायचे, "काय व बाई, पोट साफ झालं काय सकाळी?"

त्यात माझे वडील मेडिकलवाले. चौकात त्यांचं औषधांचं दुकान. "आमचे मेव्हणे या गावात असेपर्यंत माझ्या दुकानात इसबगोल तेवढं खपणार," असं ते गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायचे. मामा दुकानात यायचे ते बँडेजचं कापड आणि रबरी नळी घ्यायला. काउंटरवर उभं राहून गोळ्या घेणाऱ्याला विचारायचे, "हे काहून घेता? मुयात काय झालं?" मुयात म्हणजे मुळात. वडील वरच्या फळीवरचं काहीतरी शोधत असल्याचं सोंग करायचे.

मला पाहायला अमरावतीहून मंडळी आली, तेव्हाची गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगतात. पोहे झाले, चहा झाला, मुलाच्या वडिलांनी दोनदा ढेकर दिला. मामा त्यांच्याकडं टक लावून पाहत होते. मी मनात म्हटलं, देवा, यांना काही बोलू देऊ नकोस. मामा म्हणाले, "भाऊसाहेब, जरा जीभ दाखवता काय?" आणि काय सांगू, माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी भर बैठकीत, सगळ्यांच्या देखत, जीभ काढून दाखवली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. लग्न ठरलं ते ठरलंच, आणि सासरे पुढं कित्येक वर्षं रेल्वेनं अकोल्याला येऊन मामांच्या कटिस्नानाच्या टबात बसायचे.

त्यांची पद्धत ही अशी. डोकं दुखतं म्हणून आलेल्या माणसाला ते डोक्याचं सोडून बाकी सगळं विचारत. किती वाजता जेवता, कोणत्या अंगावर झोपता, भावाशी बोलणं आहे का, दुकानात खुर्चीवर बसता की गादीवर. कुणी वैतागून म्हणालं, "मामा, डोकं दुखून राहिलं माह्यं, तुमी भावाचं काय इचारता?" तर ते म्हणत, "डोकं काय एकलं आलं काय इथं? तू बी तं आला ना त्याच्यासंगं." चपलेची टाच कुठल्या बाजूनं झिजली आहे ते पाहत, नखं पाहत. मग अर्धा तास बोलून झाल्यावर सांगत, की संध्याकाळचं जेवण लवकर कर आणि भावाकडं एकदा जाऊन ये.

पेशंट बरा झाला आणि पाया पडायला आला, तर पाय मागं घेत. "म्या काय केलं? शरीरच बरं होते. म्या फकत त्याच्या वाटेतला दगड उचलला." तोच माणूस त्याच दुखण्यासाठी पुन्हा आला, तर मात्र ओशाळायचे. म्हणायचे, "मंजे म्या तुले नीट शिकवलं नाई." त्यांना पेशंट टिकवायचा नसे, तो शहाणा होऊन घरी बसावा असं वाटे. असा धंदा कुणाचा चालतो? वडील म्हणायचे, हा माणूस डॉक्टर नाही, मास्तर आहे, आणि तोही बिनपगारी.

एक सांगितलं पाहिजे, की मामा अडेलतट्टू नव्हते. छातीत कळ येते म्हणून एकजण आला, तर मामांनी त्याला पडवीची पायरीसुद्धा चढू दिली नाही. "मायाकडं काहून आला? हे मातीचं काम नोहे. जाय, आधी मोठ्या दवाखान्यात जाय," म्हणून स्वतः ऑटोत बसवून घेऊन गेले. जिथं आपल्या हातून इजा होईल तिथं हात लावायचा नाही, हा त्यांचा पहिला नेम, आणि बाकीचे सगळे नेम त्याच्या मागून.

मातीच्या पट्टीचा नेम वेगळाच होता. मामा बाजारातली, गोणीतली माती वापरत नसत. ज्या मातीतलं खाता तीच माती पोटावर ठेवा, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक पेशंटनं आपल्या शेतातली किंवा जिथून भाजी घेतो तिथली काळी माती हातभर खणून खालून आणायची. मामा ती मुठीत घेऊन वास घ्यायचे, पत्र्यावर उन्हात वाळवायचे, चाळायचे, गांडुळाची विष्ठा दिसते का पाहायचे. आणि त्याआधी विचारायचे, "काय टाकलं होतं ह्यात?" खत कोणतं, फवारणी कधी, धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, माणसानं काय फवारलं. कापसाच्या शेतातली माती असली तर सरळ परत पाठवायचे. हा प्रश्न त्यांनी तेल्हाऱ्याच्या मोठ्या बागायतदाराला विचारला, आमच्या सासऱ्यांना विचारला, एका साहेबाला विचारला. इंदूमावशीला मात्र विचारला नाही.

इंदूमावशीची वाडी गावाबाहेर, मोर्णा नदीच्या अंगाला. वाडी म्हणजे आमच्याकडं विहिरीच्या पाण्यावरचा भाजी-फुलांचा मळा. पालक, मेथी, चवळी, कडेनं झेंडू. नवरा बसस्टँडजवळ हार विकायचा, आणि ती सकाळी मामांच्या पडवीसमोर टोपली घेऊन बसायची. मामांनीच तिला तिथं बसवलं होतं. "हे बाई फवारत नाई. हिच्याकडूनच घेत जा," असं ते प्रत्येक पेशंटला सांगायचे. दर गुरुवारी दुपारी मामा तिच्या वाडीवर जेवायचे, भाकर आणि अंबाडीची भाजी. तिला ते धाकटी बहीण मानत. माझ्या आईला त्याचा थोडा रागही होता.

आता त्या भाजीबद्दल. न फवारलेल्या पानाला कीड लागणार, भोकं पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मामांचे पेशंट, जे अर्धा तास निसर्गावर प्रवचन ऐकून पडवीतून उतरायचे, ते टोपलीशी येऊन जुडी उलटीपालटी करायचे आणि भोकाची पानं वेचून बाजूला फेकायचे. माझी आईही त्यातलीच. "इंदू, हे कायची जुडी देतं व? भोकं पडून सारी चायनी झाली." आणि मी, माहेरी आले की अमरावतीला नेण्यासाठी बिनभोकाची मेथी शोधून पिशवीत भरणारी. इंदूमावशी हसून दुसरी जुडी द्यायची. राहिलेली पानं संध्याकाळी टोपलीत तशीच परत जायची.

एका वर्षी मे महिन्यात मी मुलांना घेऊन माहेरी आले होते. अमरावतीला माझंही आता मेडिकलचं दुकान आहे, मी फार्मसी शिकले आहे. तिथून मामांसाठी बँडेजचे गुंडाळे आणले होते, ते द्यायला सकाळी त्यांच्याकडं गेले. इंदूमावशी आत होती. कित्येक दिवस तिच्या पोटात जळजळत होतं आणि मामा तिच्या मागं लागले होते, की वाडीची माती आण, पट्टी ठेवू. ती आज-उद्या करत होती. शेवटी मामा चिडले, "मायावर भरोसा नाई काय तुया?" तेव्हा कुठं ती त्या सकाळी घमेलं घेऊन आली होती. माती घरूनच भिजवून, मळून आणली होती. वर झेंडूची पानं झाकली होती. त्यांचा उग्र दर्प सगळ्या खोलीत भरला होता.

मामांचा चेहरा खुलला. "पाह्य," मला म्हणाले, "याले मनतात श्रद्धा. भिजवूनसनी आनली इनं." वाळवली नाही, चाळली नाही, विचारलं तर नाहीच. पट्टी पसरली, इंदूमावशीच्या पोटावर ठेवली, आणि आम्ही पडवीत येऊन बोलत बसलो. माझ्या धाकट्याच्या खोकल्याबद्दल बोलणं चाललं होतं. मग आतून ओकारीचा आवाज आला.

मी आत धावले. तिला दरदरून घाम फुटला होता, तोंडातून लाळ गळत होती, दंडाचे स्नायू आपोआप उडत होते. "दिसत नाई मले नीट," एवढंच ती म्हणत होती. मामांनी एका हातानं पट्टी ओढून फेकली, तिचं पोट साबणानं धुतलं, आणि मी रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवला. दवाखान्यापर्यंत मामा तिचं डोकं मांडीवर धरून बसले होते.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरीनं डोळे पाहिले. बुबुळाचा काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झाला होता. "काय घेतलं यांनी?" त्यांनी विचारलं. आमच्याकडं अशी बाई दवाखान्यात आली की लोक एकच गोष्ट धरून चालतात, की तिनं विष घेतलं. तिचा नवरा हारांची परडी तशीच खांद्याला लावून धावत आला होता, तो भिंतीला टेकून खाली बसला. "मी काही बोललो नाही तिले, देवाशप्पथ काही बोललो नाही," असं ज्याला त्याला सांगू लागला. बोळातले लोक जमले, मामांचे पेशंट जमले. बायका कुजबुजायला लागल्या.

मामांनी आपले हात नाकाशी नेले. साबणानं झेंडूचा वास निघून गेला होता. खाली दुसराच एक वास उरला होता, लसणीसारखा. मी पाहिलं, त्यांचा चेहरा क्षणात म्हातारा झाला. डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन त्यांनी सगळं खरं सांगितलं, माती कुठली, पट्टी कशी ठेवली, आणि बहुधा जमिनीत टाकायचं दाणेदार कीटकनाशक असावं. मग व्हरांड्यात येऊन सगळ्यांच्या मधोमध उभे राहिले.

"तिनं काही घेतलं नाई," ते म्हणाले. "इख म्या ठेवलं. माया हातानं. तिच्या पोटावर."

चौकीतला पोलीस आला होता, त्यानं विचारलं, "माती कुठली होती मामा?"

"माया अंगनातली."

मी तिथंच उभी होते. घमेलं मी पाहिलं होतं, पानं पाहिली होती. आयुष्यभर अंदाजानं न बोलणारा माझा मामा भर व्हरांड्यात धडधडीत खोटं बोलत होता आणि मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. लाज वाटत होती. त्यांच्या खोट्याची नव्हे. ज्या खोट्यानं त्यांनी तिच्या अंगावर पांघरूण घातलं, त्याच खोट्यानं ते स्वतः उघडे पडत होते, आणि सगळे पाहत होते, त्याची लाज.

इंदूमावशी वाचली. शुद्धीवर आल्यावर तिनं पोलिसाला सांगितलं की चुकून झालं, तक्रार नाही, आणि ते प्रकरण तिथं मिटलं. गावात मिटलं नाही. मामांनी पडवीवरची पाटी स्वतः स्टुलावर चढून काढली. एनिमाचं भांडं काढून फडताळात ठेवलं. मग ते प्रत्येक पेशंटच्या घरी गेले. दोन-तीन घरी मी त्यांच्याबरोबर होते. दारातच उभं राहून सांगायचे, "माया हातानं एका बाईले इजा झाली. मातीची पारख म्या केली नाई. तुमाले माहीत असावं, मनून आलो." कुणी म्हणायचं, "जाऊ द्या मामा, होते माणसाच्या हातून." कुणी दार पुरतं उघडतही नसे. मी त्यांच्या मागं पदर सावरत उभी राहायची आणि पायांकडं बघायची. लहानपणी त्या नळीपायी वाटायची ती लाज आता मला खेळण्यासारखी वाटत होती.

आणि त्यांचा तो प्रश्न बंद झाला. कुणी चहा दिला की निमूट पिऊन टाकायचे.

माझ्या वडिलांचे टोमणे थांबले. ते हसले असते, टोमणा मारला असता, तर मामांना बहुतेक बरं वाटलं असतं. रोज सकाळी ते मामांच्या पडवीत जाऊन पेपर वाचत बसायचे आणि तासाभरानं उठून दुकानात यायचे.

इंदूमावशी दवाखान्यातून घरी आली आणि चालण्याइतकी ताकद येताच आधी मामांकडं आली. मी डबा घेऊन गेले होते, म्हणून तिथं होते. ती पायरीवरच बसली.

"भाऊ, मले माहीत होतं."

मामांनी पेल्यात पाणी ओतून तिच्यापुढं ठेवलं.

"हुमनीच्या किड्यानं मुया खाल्ल्या झेंडूच्या. मंग दानेदार टाकलं. मंग भाजीतबी टाकलं. लोकाईले बिनफवारनीची पायजे अन् भोकंबी नको. म्या काय करू? टोपली तशीच वापस जाये." ती पदरानं तोंड पुसत होती. "माती धुऱ्याकडची आनली होती, वाटलं तिकडं नसन. अन् वरून लावल्यानं काय होते, पोटात थोडंच घ्याचं हाये, असं वाटलं. वास येन मनून झेंडूचा पाला टाकला वरतून."

"मंग मले काहून नाई सांगतलं व?"

"तुमी इचारलं कुठं?" ती म्हणाली. "साऱ्याईले इचारत होते तुमी. मलेच नाई इचारलं. इचारलं असतं तं सांगून टाकलं असतं. आपल्या तोंडानं सांगाची लाज वाटे."

मामांनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडं पाहिलं. "मलेबी लाजच वाटली," ते म्हणाले. "ज्या घरी दर गुरुवारी जेवतो, त्या घराले काय इचाराचं, का काय टाकता मनून? तुयावर संशय घेतल्यासारखं झालं असतं." मग हळूच म्हणाले, "तुया लाजेनं अन् माया लाजेनं मिळून जीव जात होता तुया."

मी डब्याचं झाकण उगाच घट्ट करत होते. बिनभोकाच्या जुड्या शोधणारी मीही तिथंच उभी होते ना.

त्याच दिवशी मामा तिच्याबरोबर वाडीवर गेले आणि दोघांनी उभी भाजी उपटली. झेंडूही उपटला. सगळं खड्ड्यात गाडलं. तिचा नवरा हबकला, लोकांना काय सांगायचं, धंद्याचं काय? मामा म्हणाले, "सांगजो, वाडीचा उपास हाये. मानसाले उपास लागते, तं जमिनीले नाई लागत काय?" आणि खरोखर त्यांनी तिला पेशंटसारखंच वागवलं. काही टाकायचं नाही, काही मागायचं नाही. पाऊस पडल्यावर ताग पेरला, फुलोऱ्याला येताच कापून तिथंच गाडला. मग शेणखत, निंबोळीची ढेप म्हणजे पेंड. पुन्हा ताग. घाई करणाऱ्या नवऱ्याला म्हणायचे, "बरं तं थे आपली आपन होईन. तू फकत वाटेत येऊ नको." मधल्या काळात इंदूमावशी बाजारातून आणलेल्या फुलांचे हार नवऱ्याबरोबर गुंफून कशीबशी निभावत होती. गावाला वाडीचा उपास ही मातीमामांची नवी टूम वाटली. लोक हसले आणि विसरले.

इंदूमावशीचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. पण मामांना ते लपवलेलंच सलत राहिलं. मी अमरावतीला निघाले की ते बसस्टँडवर सोडायला यायचे. तिथं एकदा, गाडी लागायची होती तेव्हा, आपण होऊन बोलले.

"जन्मभर लोकाईले मनलो, मूय सांगा, मूय लपवू नका. अन् म्या मूयच लपवलं. ज्याईनं थे भाजी खाल्ली, त्याईले कोन सांगनार? सांगतलं तं इंदू मेली. नाई सांगतलं तं म्या खोटा."

"मामा, तुम्ही भाजी उपटली ना. आता कोणी खात नाही ती."

"खाल्ली थे खाल्ली ना बाई."

गाडी आली आणि मी चढले. खिडकीतून पाहिलं तर ते हात न हलवता तसेच उभे होते.

वाडी सुधारली. मामा खंगत गेले. हृदय दुबळं झालं, पायांवर सूज, दोन पावलं चाललं की धाप. दवाखान्यात ठेवलं, घरी आणलं. आता ते आमच्याकडंच राहत होते, म्हणजे आईकडं, दुकानाच्या मागच्या खोलीत. गोळ्या मी लावून दिल्या होत्या. पूर्वीचे मामा असते तर एकेक पाकीट उलटून विचारलं असतं, हे काहून, याच्यानं काय बिघडन, आणि माझ्या डोक्याचं पीठ केलं असतं. आता हातावर ठेवलं ते गिळत. त्या निमूट गिळण्याचा मला इतका त्रास व्हायचा की एकदा मीच म्हणाले, "मामा, विचारा तरी कशाची आहे ते." ते म्हणाले, "तुले माहीत हाये ना? झालं मंग."

या उन्हाळ्यात त्यांचं जास्त झालं म्हणून मी अकोल्याला आले. दुपारची वेळ, कूलरचा आवाज, खोलीत आई होती, वडील होते, आणि मामांना भेटायला आलेले तीन-चार जुने पेशंट. मामा उशांना टेकून बसले होते. कपाळ तापलं होतं. आणि इंदूमावशी घमेलं घेऊन आत आली.

घमेल्यावर काही झाकलेलं नव्हतं. सुकी, चाळलेली काळी माती, आणि कडेला एक ओला गोळा, त्यात दोन गांडुळं वळवळत होती. ती तिनं मुद्दाम आणली होती, दाखवायला. घमेलं पलंगाजवळ ठेवून ती म्हणाली, "वाडीची हाये भाऊ. तुमी कोनाले ठेवत नाई आता, मले माहीत हाये. तुमाले तं ठेवू द्या."

मामांनी मातीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. खोलीत सगळे त्यांच्याकडं बघत होते. धाप लागली होती तरी त्यांनी एकेक शब्द नीट उच्चारला.

"इंदू, काय टाकलं व ह्यात?"

तिला वाईट वाटेल, असं मला वाटलं. पण तिचा चेहरा असा सुटला, जणू किती दिवस कुणी हे विचारावं म्हणून ती थांबली होती.

"शेण टाकलं. ताग गाडला. निंबोयीची ढेप टाकली," ती म्हणाली. मग आमच्याकडं वळली, आईकडं, त्या पेशंटांकडं. "त्या वर्षी दानेदार टाकलं होतं. झेंडूत अन् भाजीतबी. तुमी खाल्ली थे भाजी. माती माया वाडीची होती, भाऊच्या अंगनातली नव्हती. भाऊनं मायासाठी खोटं सांगतलं."

एका पेशंटनं चष्मा काढून पुसला. आईनं एकदा तोंड उघडलं, पण जुडी उलटीपालटी करणारी तिची ती बोटं मांडीवर एकमेकांत गुंतली. वडील पेपरची घडी करत होते. ओरडायचा, रागवायचा हक्क असलेलं कुणीच त्या खोलीत नव्हतं.

"तेवाच इचाराचं होतं भाऊ," इंदूमावशी म्हणाली.

"तेवाच सांगाचं होतं इंदू," मामा म्हणाले, आणि मग दोघंही रडता रडता हसायला लागले. मामांना ठसका लागला.

ठसका ओसरल्यावर त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "तू ठेव. पोटावर नको, धाप लागते. कपाळावर."

मी. एनिमाच्या भांड्यासमोरून मान ताठ करून जाणारी मी. इतक्या वर्षांत त्यांच्या मातीला मी एकदाही हात लावला नव्हता. आईनं पाणी आणून दिलं. मी माती भिजवली, बोटांनी खडे काढले, बँडेजच्या कापडावर पसरली. थंड होती, आणि तिला नुसता मातीचा वास येत होता. पट्टी दोन्ही हातांत धरून त्यांच्यावर वाकले आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मामा, याच्यानं काही बिघडन काय?"

त्यांच्या डोळ्यांत जुनं हसू आलं. पोहे खाताना सासऱ्यांकडं बघत होते तेव्हाचं.

"पाहून सांगतो," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

पट्टी वाळेपर्यंत मी त्यांच्याजवळ बसून राहिले. ते काही सांगतील म्हणून.